मेंढरं कुठं बसल्यात?

रेवा, तुझा निरोप मी तीनदा ऐकला. एकदा नुसता तुझा आवाज ऐकायला, दुसऱ्यांदा तू काय विचारलं आहेस ते समजून घ्यायला आणि तिसऱ्यांदा वही-पेन घेऊन. "आजी, तिकडची हायस्कूलची मुलं समर ब्रेकमध्ये काय करतात? मला वर्गात पाच मिनिटं बोलायचंय." मागून तुझा भाऊ नील ओरडला, "आंबे खातात, अजून काय!" मग तू जरा हळू आवाजात म्हणालीस, की या जुलैत साताऱ्याला येणं जमेलसं दिसत नाही, एक कोर्स आहे, पुढच्या वर्षी नक्की. त्या शेवटच्या वाक्यावर मी लगेच 'शाबास' असं टाइप केलं, पण पाठवलं नाही. तो शब्द अजून फोनमध्ये तसाच पडून आहे.

आधी तुझा प्रश्न. सवयीप्रमाणे मी वहीत पट्टीने रेघा मारल्या. वेळ, काम, शेरा. सकाळच्या रकान्यात लिहिलं: दहावीत जाणारे व्हेकेशन बॅचला जातात. पाठीला सॅक, तोंडाला ओढणी बांधलेल्या मुली स्कूटीवरून एप्रिलपासून आपल्या गल्लीतून जातात, आणि सुट्टी लागली आहे हे फक्त शाळेच्या रिकाम्या मैदानावरून कळतं. पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं दिसतात. त्यांना सैन्यात भरती व्हायचं असतं. मोठा भाऊ घड्याळ लावून मागून मोटारसायकलवर आणि हा पुढे घामाघूम. कुणी मामाच्या विहिरीत पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधून पोहायला शिकतं. गावोगावी जत्रा असतात, तालमी असतात. दुपारी सगळे जण मोबाइलमध्ये. मुलींच्या वाट्याला शेवया, कुरडया राखत गच्चीच्या जिन्यात बसणं येतं, आणि त्या राखणीतही मोबाइल असतोच.

पान भरत आलं होतं. शिस्तीत, नीटनेटकं. तेवढ्यात मागच्या खिडकीतून वास आला.

आपल्या कॉलनीच्या मागे रान आहे, तुम्ही मागे तिथे पतंग उडवला होता ते. त्यातला ऊस तुटून गेला आहे आणि या आठवड्यात तिथे मेंढरं बसली आहेत. लोकर, लेंड्या आणि तापलेली माती असा मिळून तो वास येतो. शेजारच्या बाई खिडक्या लावून घेतात. पूर्वी मीही घ्यायचे. आता उघडी ठेवते. वहीतल्या माझ्या रकान्यांत एक सुट्टी बसलेली नाही, हे त्या वासाने मला सांगितलं. ती काजलची सुट्टी. पाच वर्षांपूर्वीची. ती तिने आपल्या घरी, रेवा, तुझ्याच खोलीत काढली.

काजल माझी शेवटची विद्यार्थिनी. मी शाळेतून निवृत्त झाले तरी जवळच्या वसतिगृहातल्या दोन-तीन मुली संध्याकाळी इंग्रजीला यायच्या, त्यांतली ही. गाव कवठे महांकाळकडचं. तिकडे पाऊस कमी, म्हणून तिची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची. घोड्यावर बिऱ्हाड, मागे कळप, आणि पुढे चरायला रान शोधत आठ महिने चालणं. शेतकरी आपल्या रिकाम्या रानात दोन-तीन रात्री मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं, ह्यांना धान्य मिळतं. मग पुढचं रान. जूनमध्ये परत गाव. पोरीची शाळा अशी चालता चालता होणार नाही, म्हणून तिच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला पाचवीतच साताऱ्याच्या वसतिगृहात ठेवलं होतं.

त्यामुळे बाकीच्या मुली सुट्टीत घरी जायच्या तेव्हा काजल घर शोधायला जायची. हे तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. रहिमतपूरच्या स्टँडवर उतरायचं आणि फोन लावायचा. "आबा, मेंढरं कुठं बसल्यात?" आबांचा फोन कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला असायचा. मग उचलणारी बाई सांगायची, "काल हुती बघ आमच्या रानात. आज पाटाच्या पल्याड गेली." मग पाटाच्या पलीकडे. तिथे कोणीतरी म्हणायचं, आत्ताच उठली, अजून धूळ बसली नाही.

"मग गं?" मी विचारलं होतं.

"मग काय बाई, लेंड्या बघत जायचं. ओल्या असल्या की जवळ, वाळक्या असल्या की लांब."

तुमचे आजोबा इतके हसले, की त्यांच्या हातातला चहा सांडला. "पोस्टखात्याला कळवायला पाहिजे," ते म्हणाले, "पत्त्याची ही पद्धत."

संध्याकाळपर्यंत ती पोचायचीच. आधी कुत्री ओळखायची, मग आई. आणि मग चांदी. चांदी ही तिची मेंढी. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. काजल तिसरीत असताना जन्मलेली, आई मेलेली, बाटलीने वाढवलेली. आबांनी ती हिच्या नावाची करून दिली होती. काजलने जिभेने टाळूवर एक आवाज काढला, की सगळ्या कळपातून ती एकटी मान वर करायची आणि ती चालू लागली की बाकीची मागून यायची. तो आवाज तिने मला काढून दाखवला होता. मी प्रयत्न केला तर म्हणाली, "बाई, तुमच्या आवाजानं मांजर सुदीक येणार न्हाई."

नववीची परीक्षा संपली तेव्हा तिचं इंग्रजी अर्धवट होतं. वाचायची छान, पण लिहायला बसली की पेन्सिल चावायची. पुढे दहावी. मी हिशेब केला: मे महिन्याचे इतके दिवस, दिवसाचे इतके तास. आणि ठरवलं की यंदा तिने जायचं नाही. वसतिगृह सुट्टीत बंद होतं, म्हणून तिने आपल्याकडे राहावं. तुम्ही त्या वर्षी येणार नव्हतात. तुझी खोली मोकळी होती, रेवा. मला त्यात फार मोठं पुण्य वाटलं, हे आज कबूल केलेलं बरं.

वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं. सहाला उठणे. साडेसहाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे. आठ ते दहा व्याकरण. आजोबांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, "सुट्टी कुणाची आहे? तिची का तुझी?"

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं.

"मी कुठं पडतोय? मला त्यात जागाच ठेवलेली नाहीस."

काजलला विचारलं का, असं तू विचारशील. विचारलं. "राहशील ना?" असं विचारलं. बाईंनी असं विचारल्यावर कुठली मुलगी नाही म्हणते? ती फ्रिजवरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "व्हय बाई."

मग आबांचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी भाजी निवडत होते. त्यांच्यामागे मेंढरांचा कल्ला आणि घंटांचा आवाज इतका होता, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"बाई, काजलचा आबा बोलतोय. साळा सुटली न्हवं?"

"सुटली. पण काजल यंदा इथंच राहणार आहे माझ्याकडे. दहावीचं वर्ष आहे. मी स्वतः शिकवणार आहे तिला."

"व्हय व्हय. तुमी हाय म्हटल्यावर काय काळजी न्हाई." मग ते म्हणाले, "पर बाई, एवढ्या वर्साला धाडा की तिला."

"पुढच्या वर्षी दहावी झालेली असेल. मग न्या की हवी तेवढी."

पलीकडे घंटा वाजतच होत्या.

"म्होरलं म्होरं," ते म्हणाले. "एवढ्या वर्साला धाडाच. आठ रोज. चार रोज धाडा."

आणि मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. पाच मिनिटं तरी सांगितलं. मला वाटलं, उन्हाळ्यात माणूसबळ कमी पडतं, हाताखाली पोरगी हवी आहे. हा विचार मी बोलून दाखवला नाही, पण माझ्या आवाजात तो असणार. मी म्हटलं, "मुलीचं भलं कशात आहे, ते तुम्हीच बघायला हवं." आठ महिने पायी चालून, तिच्यापासून लांब राहून ज्याने मुलीला शिकवलं, त्याला मी हे सांगत होते.

"बरं बाई," ते म्हणाले. "तुमाला कळतंय त्यातलं."

काजल दारात उभी होती. "आबा होते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो. राहा म्हणाले." ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

तो महिना मला कसा आठवतो? सकाळी मी सहाला उठायचे तर ती आधीच उठलेली असायची, अंगण झाडून पायरीवर बसलेली. पलंग तिला सोसला नाही. खाली तिची घोंगडी अंथरून झोपायची, आणि त्या काळ्या घोंगडीचा वास तुझ्या खोलीला लागला होता. एकदा मी ती धुवायला काढली. ती चटकन पुढे आली आणि माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "बाई, ही धूत न्हाईत." मला आश्चर्य वाटलं. पूर्ण महिन्यात ती एवढ्या एकाच गोष्टीला नाही म्हणाली.

दुपारी टाकीतलं पाणी इतकं तापायचं, की नळाखाली हात धरवत नसे. आजोबांनी आढीतले आंबे काढून चाचपायचे आणि तिने निवडायचा तो नेमका पिकलेला निघायचा. वर्तमानपत्रातली लांब वाक्यं ती अडखळत वाचायची आणि शेवटाला पोचली की डोंगर चढल्यासारखा श्वास सोडायची. एकाच खुर्चीवर तास काढणं तिला अवघड जायचं. मी रागावले तर म्हणाली, "बाई, मेंढरं एका जागी चार रात्रीच्या वर बसली की त्यांचे खूर बिघडत्यात." मी म्हटलं, "तू मेंढरू आहेस का?" तर आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आपण दोघं आहोत, बरीच वर्षं एका जागी बसलोय."

संध्याकाळी ती गच्चीवर जायची. मला वाटायचं, वारा खायला. एकदा मी वाळलेले कपडे काढायला गेले तर ती कठड्याला टेकून पूर्वेकडे बघत होती, रहिमतपूरच्या दिशेला. तिथे दूरवर धूळ होती. ट्रकची असेल, ट्रॅक्टरची असेल. माझी चाहूल लागताच ती म्हणाली, "बाई, पाठ झालंय माझं." मी काहीच विचारलं नव्हतं.

मेच्या शेवटी तिचं लिहिणं सुधारलं. खरंच सुधारलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, मी तिला चार दिवस घरी जायची परवानगी दिली. परवानगी, हाच शब्द मी वापरला होता. तिने माझ्या फोनवरून आबांना फोन लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आबा, मेंढरं कुठं बसल्यात?" तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती खुशीत म्हणाली, "बाई, यंदा लवकर घरला गेल्यात. आबा म्हणाले, सरळ गावाकडंच ये." मी आंब्यांची पेटी बांधून दिली आणि सांगलीच्या एसटीत बसवून आले.

चार दिवसांनी ती परत आली. थोडी गप्प होती. मला वाटलं, शाळेचं दडपण.

जुलैत मी तिला निबंध दिला: माझी उन्हाळी सुट्टी. इंग्रजीत, दोन पानं. तिने साडेतीन पानं लिहिली. रहिमतपूरचं स्टँड, फोन, पाटाच्या पलीकडचं रान, वाळक्या लेंड्या आणि ओल्या लेंड्या, आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि मेंढीच्या दुधातला चहा. अमुक रानात दोन रात्री, तमुक रानात तीन. चांदीला कोकरू झालं, तेही काळं, पण त्याच्या कपाळावर ठिपका नव्हता. जूनमध्ये सगळे मिळून चालत गावी आलो, दहा दिवस लागले, घोड्यावर बसायला मिळालं. मी वाचत गेले आणि मला इतका आनंद झाला, की आजोबांना हाक मारून अख्खा निबंध मोठ्याने वाचून दाखवला. एकही चूक नव्हती.

आजोबा ऐकून म्हणाले, "सुंदर. पण ही तर मे महिनाभर आपल्याकडे होती ना?"

दुसऱ्या दिवशी मी काजलला विचारलं. रागावून नाही. पण शिक्षक विचारतात तसं विचारलं. "अगं, निबंध छान आहे. पण यातलं काही घडलेलं नाही."

ती वहीच्या कडेचा दोरा ओढत म्हणाली, "घडलं त्यात लिवण्यासारखं काय हुतं, बाई?"

मग तिने सांगितलं. आबांचे गुडघे गेले होते. मोठ्या भावाला शिरवळला कारखान्यात काम मिळालं होतं, कळपामागे चालायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी मार्चमध्येच मनाशी ठरवलं होतं, की हा शेवटचा उन्हाळा. मे संपता संपता कळप विकला. ती गावी पोचली तेव्हा वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, गुंडाळून छपराला टांगलेलं होतं.

"पण मग आबांनी मला फोनवर सांगायचं ना!" मी म्हटलं. "एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"आबा मेंढरांतनंच बोलत हुते न्हवं. आमच्यात इकायची गोष्ट मेंढरांत हुभं ऱ्हाऊन बोलत न्हाईत. त्यांच्या कानावर जाऊ देत न्हाईत. आईला सुदीक त्यांनी लांब पाटावर नेऊन सांगितलं."

मला ते घंटांचे आवाज आठवले. एवढ्या वर्साला धाडाच. ज्या माणसाला कारण सांगता येत नव्हतं, त्याने त्याच शब्दांत जितकं सांगता येईल तितकं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. आणि मी, जिने सारं आयुष्य मुलांना 'प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तराला हात घाला' म्हणून सांगितलं, तिने त्यांचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. 'का हो, यंदाच का?' एवढं विचारलं असतं तर बहुधा ते चार पावलं बाजूला गेले असते.

"टेंपोत चढंनात म्हणं," काजल सांगत होती. "फळी लावली, वरडून झालं, एक बी चढंना. शेवटाला आबांनी चांदीला गळ्याला धरून चढवली. मग सगळी मागनं चढली." तिने दोरा तोडला. "आई म्हणाली, तू न्हवतीस ते बरं झालं. तुलाच हाक मारायला लागली असती."

मी म्हटलं, "खरंच आहे गं. बरंच झालं." मला त्या वाक्याचा आधार हवा होता.

ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "न्हाई बाई. मी तिथं असायला पायजे हुतं."

त्यानंतर तिने वही पुढे सरकवली. मी निबंधाचं शेवटचं पान काढलं. आधी लिहून ठेवलेलं 'उत्कृष्ट' तिथे होतंच. ते खोडलंही नाही.

रेवा, मी तुला असं सांगणार नाही की तो महिना वाया गेला. तिला दहावीला इंग्रजीत ब्याऐंशी मिळाले. आज ती मिरजेत नर्सिंग शिकते, तिची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि ती मला म्हणते की बाई, तुमच्यामुळे वाचता येतं. ती हे मनापासून म्हणते. मी चूक केली असं तिच्या घरात कोणीही म्हणत नाही. तिचे आबा मला दर दिवाळीला फोन करतात आणि आता त्यांच्या मागे घंटा वाजत नाहीत, सगळं स्वच्छ ऐकू येतं. दर वेळी मी ठरवते की आज माफी मागायची, आणि दर वेळी ते आधी विचारतात, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?" आणि मी बरी आहे म्हणते.

मागच्या रानात घंटा वाजायला लागल्या, म्हणून परवा मीच काजलला फोन केला. तिला म्हटलं, इथे मेंढरं बसली आहेत, येतेस का बघायला? ती हसली. म्हणाली, "बाई, दुसऱ्याची मेंढरं काय बघायची?" मग मी विचारलं, सुट्टी किती आहे. पंधरा दिवस. कुठे जाणार?

"गावाकडं. आबा हाय न्हवं घरात, दारातच खुर्ची टाकून बसल्यात." मग ती म्हणाली, "आता शोधायला लागत न्हाई."

मी फोन ठेवला आणि वहीतलं पान पुन्हा बघितलं. वेळ, काम, शेरा. तुझ्या वर्गात सांगायला ते पान पुरेल, रेवा, मी त्याचा फोटो काढून पाठवते. इथली मुलं सुट्टीत काय करतात ते त्यात बरोबर लिहिलं आहे. ज्यांना काय करायचं होतं आणि करू दिलं गेलं नाही, त्यांच्यासाठी मी रकाना आखला नव्हता.

आणि तुझा कोर्स. तुझ्या आईने मला कळवलं आहे, की तुम्हीच सांगा तिला, पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे, तुमचं ती ऐकते. हो, माझं सगळे ऐकतात. म्हणूनच या वेळी मी काही सांगणार नाही. फोनमधला तो 'शाबास' मी आत्ता पुसला. तुला कोर्स करावासा वाटतो की करावा लागतो, एवढंच मला कळव. सावकाश, लांबलचक, पुन्हा आवाजात. मी तीनदा ऐकेन.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. फ्रिजवर काही लावलेलं नाही. तुझे आजी-आजोबा चाळीस वर्षं एकाच पत्त्यावर राहतात, त्यांना कधी शोधावं लागलं नाही. म्हणून तर पुढच्या वर्षीही ते इथेच सापडतील असं आपण सगळे धरून चाललो आहोत.